मागच्या चाकांचे वकील

डेट्रॉइटच्या आसपास मराठी इंजिनियर पुष्कळ. त्यांतली एक जात गणपतीच्या आरतीला लगेच ओळखू येते. प्रसादाला पुढे केलेल्या हाताच्या नखांत काळं असतं आणि वहिनी चार पावलं लांब उभ्या असतात. हा गृहस्थ दिवसा एका मोटार कंपनीत दाराच्या बिजागऱ्या डिझाइन करतो. रात्री तो गॅरेजात जुन्या माझदा मियाटाखाली आडवा असतो. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात अवतरलेली ही दोन आसनांची गाडी त्याच्या मते निर्दोष आहे. फक्त ब्रेकची वाटणी चुकली.

"पुढच्या चाकांना सगळं आणि मागच्यांना काय?" असं तो विचारतो तेव्हा गावच्या जमिनीची केस चालू असल्यासारखं वाटतं.

वास्तविक कंपनीचं गणित त्याला तोंडपाठ आहे. ब्रेक दाबला की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी पडतात. ती आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते. पुढची आधी लॉक झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर जाते. त्यातल्या त्यात दुसरं बरं, म्हणून कारखाना पुढे झुकतं माप देतो. आमच्या वकिलांना ही भीती बावळट ड्रायव्हरांसाठी आहे असं वाटतं. म्हणून पुढे सौम्य पॅड आणि मागे कडक.

पॅडच्या कडेवर छापलेली दोन अक्षरं तो चष्मा कपाळावर सारून वाचतो. पहिलं थंड पॅडच्या पकडीचं, दुसरं तापलेल्याचं. 'एफ' म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. लग्नाची तारीख मात्र वहिनींनाच सांगावी लागते.

मागे एकदा त्याने थेट शर्यतीचे पॅड बसवले. ते तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि ऑफिसच्या वाटेवरचा पहिला सिग्नल घरापासून दोनशे मीटरवर. धरू लागले की असे किंचाळत, की तो घरी आल्याचं गल्लीला कळे.

नवे पॅड मुरवायचे तर शंभराच्या वेगावरून वीसवर यायचं, पूर्ण न थांबता पुन्हा वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा. एकदा शेजारी सांगलीहून आलेले सासरे होते. पाचव्या ब्रेकला ते हळूच म्हणाले, "जावईबापू, घरी काही राहिलंय का?"

मग एका रविवारी हा साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर गेला. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने दोन फेऱ्यांनंतर पॅडबद्दल चकार शब्द काढला नाही. खाली उतरून टायरवर अंगठा दाबून पाहिला. चाक लॉक करण्याइतका जोर साध्या पॅडमध्येही असतो. थांबायला किती अंतर लागेल ते शेवटी टायरच ठरवतो. आणि याचे टायर दगड झालेले, कारण सगळे पैसे पॅडमध्ये गेले.

तेव्हा असा कोणी आरतीनंतर "चला, एक चक्कर मारू" म्हणाला, तर आधी टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३२१४ दिसलं, तर वहिनींच्या गाडीत बसा.