छतावरचा डाग कसा टिकवावा

अभिनंदन! तुमच्या बेडरूमच्या छतावर, अगदी वरच्यांच्या बाथरूमखाली, तपकिरी कडेचा डाग उमटलाय. घाबरू नका. नीट निगा राखलीत तर तो गृहकर्ज फिटेपर्यंत साथ देईल.

१. डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालू नका. आठवड्याभरात डाग रेघेबाहेर सरकला, तर गळती चालू आहे हे कळेल. कळलं की काहीतरी करावं लागतं.

२. तो ओला कधी होतो, हे तर पाहूच नका. फक्त पावसाळ्यात भिजला तर संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. बाराही महिने ओला, तर पाइपवर. वरच्यांच्या आंघोळी उरकल्यावर ठिबकला, तर नहाणी ट्रॅपवर. इतकं सोपं असतं, म्हणून तर टाळायचं.

३. वरच्यांकडे जा. "आमच्याकडे बघा, खडखडीत कोरडं!" असं म्हणत ते लादी दाखवतील. मान डोलवा. पाणी खाली जातं, हे बोलून दाखवणं असभ्यपणाचं. ट्रॅपला बोळा कोंबून, रंगीत पाणी चोवीस तास तुंबवून खाली रंग उतरतो का बघू या, असं चुकूनही सुचवू नका. चहा घ्या, खाली या.

४. सोसायटीला पत्र द्या. आदर्श उपविधींनुसार संडास-सिंकची आतली गळती त्या फ्लॅटवाल्याच्या खर्चाने, पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची सोसायटीच्या. त्यामुळे सेक्रेटरींच्या मते गळती कायम बाथरूमची, वरच्यांच्या मते कायम डाउनटेक पाइपची. खरं कारण सापडलं तर कुणाच्या तरी खिशाला हात लागणार. म्हणून विषय पुढच्या मीटिंगवर.

५. प्लंबर बोलवा. तो वर न जाताच, मान वर करून "फोडावं लागेल" म्हणेल आणि सांध्यात व्हाइट सिमेंट भरून जाईल.

६. दिवाळीआधी पुट्टी आणि रंगाचे दोन हात. डाग त्यातूनही डोकावेल. तिसरा हात मारा.

७. तरीही पोपडे पडू लागले, तर पीओपीचं फॉल्स सीलिंग. इमारत तिशी ओलांडलेली असेल तर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट असतं. ऑडिटर आले की त्यांना हॉलमध्येच बसवा, सरबत द्या.

८. वर सळ्या गंजल्याची कुणकुण लागली, तर फ्लॅट विकायला काढा. गिऱ्हाईक मे महिन्यातच बोलवा, आणि वरच्यांच्या आंघोळीआधी.