कागदापासून लपणारे वीर

भाच्यानं एअर रायफल घेतली तेव्हा घरात कोणी चकार शब्द काढला नाही. साडेचार मिलिमीटरचा छरा आणि वीस ज्यूलच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही, हे त्यानं आईला आधीच वाचून दाखवलं होतं. ज्यूल म्हणजे काय ते माझ्या बहिणीला ठाऊक नव्हतं, पण आकडा लहान वाटला. आवाज चढला तो पुढच्या रविवारी. भाचा आतल्या खोलीतून बाहेर आला तो नखशिखांत हिरवा-तपकिरी. पँट, शर्ट, टोपी, गळ्यात रुमाल. पाण्याच्या बाटलीलासुद्धा मिलिटरी प्रिंटची पिशवी. बहिणीनं उलथनं खाली ठेवलं.

"कुठं लागलंय युद्ध?"

"आई, रेंजवर चाललोय."

"रेंजवर ना? मग घरातली टीशर्ट-पँट काय वाईट होती?"

"मामा, तूच सांग हिला. प्रॉपर ड्रेस असतो तो."

मी मामा असल्यामुळे गप्प बसलो आणि स्कूटरवर त्याच्या मागे बसून रेंजवर गेलो. आम्ही नाशिकजवळच्या एकलहऱ्याचे. औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसल्या की घर आलं असं समजणारी माणसं. कॉलनीच्या पुढे, उसाच्या कडेला एक पत्र्याची शेड आहे, तिला आमच्याकडे रेंज म्हणतात. चार लेन, दहा मीटर अंतर, मागे लाकडी फळ्या आणि पोतडी. ती चालवतात तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब. देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी असल्यामुळे तोफखान्यातली निवृत्त माणसं आमच्याकडे दूधवाल्यांइतकी सहज सापडतात. साहेब आले ते सायकलवरून. अंगात पांढरा शर्ट, खाली पायजमा, पायात कॅनव्हासचे बूट. शेडमध्ये त्या दिवशी पाच पोरं होती आणि पाचही जण वेशात. वर्षानुवर्षं फौजेत नोकरी केलेला एकटा माणूस तेवढा नागरिक दिसत होता.

साहेबांनी भाच्याला वरून खाली न्याहाळलं.

"लपायचंय कोणापासून?"

भाचा गप्प.

"नाही, सांगा ना. समोर काय आहे? कागद. त्याला डोळे आहेत?"

"नाही साहेब."

"उलटा फायर करतो?"

"नाही साहेब."

"मग टोपी काढा. कानात बोळे घाला. आणि तो रुमाल सोडा, मान वळत नाहीये तुमची."

एवढ्यावर हा लेख संपायला हरकत नव्हती. पण सदराची जागा भरायची आहे, आणि शिवाय त्या कागदाविषयी थोडं सांगायला हवं. दहा मीटरच्या एअर रायफल टार्गेटवर दहा गुणांचा जो ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. खसखशीचा दाणा त्यापेक्षा मोठा. त्या ठिपक्याला छरा लागायचा तर श्वास, खांदा, गाल, बोटाचं पेर, सगळं एका जागी आणावं लागतं. रंगाचा त्यात संबंध नाही. नाशिकमध्ये भीष्मराज बाम यांनी कितीतरी नेमबाजांना हेच शिकवलं. पोलीस खात्याची खाकी आयुष्यभर अंगावर वागवलेला हा माणूस. पण बोलायचा श्वासावर, मनावर, योगावर. त्यांच्या 'विजयाचे मानसशास्त्र'मध्ये पँटीच्या छपाईवर प्रकरण असल्याचं मला तरी आठवत नाही.

आता गंमत ऐका. नेमबाजीची जी जागतिक संघटना आहे, जिच्या नियमांवर ऑलिंपिक चालतं, तिनं स्पर्धेतल्या पोशाखाचे नियम करताना मिलिटरी प्रिंटला चक्क मनाई केली आहे. फाटक्या जीन्स, बिनबाह्यांचे बनियन आणि चट्ट्यापट्ट्यांचे कपडे हे सगळे एकाच यादीत. म्हणजे भाच्याचा जो 'प्रॉपर ड्रेस', तो अंगावर घालून तो ऑलिंपिकला गेला असता तर त्याला दारातच थांबवलं असतं. ऑलिंपिकला तो अन्य कारणांनी जाणार नाही, हा भाग वेगळा. पहिल्या दिवशी दहा छऱ्यांत त्याचे एकतीस गुण झाले, त्यातले सात शेजारच्या लेनच्या कागदावर सापडले.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याच आमच्या नाशकात क्रीडा प्रबोधिनीत नेमबाजी शिकला. रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करत राहिला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर त्यानं कांस्य घेतलं. त्याच्या अंगात काय होतं ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. कॅनव्हास-चामड्याचं ते ताठर जाकीट आणि तसलीच पँट, ज्यात माणूस यंत्रमानवासारखा चालतो. त्या कापडाची जाडीसुद्धा मोजतात, अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही. इतका अवघड पोशाख घालणाऱ्याला कोणी फोटोसाठी थांबवत नाही. भाच्याला थांबवलं. रेंजच्या बाहेर चहाच्या टपरीवर तीन जणांनी त्याच्यासोबत सेल्फी काढला आणि एकानं "सुट्टीवर आलात का?" असं विचारलं. यावर भाचा "हो" म्हणाला नाही, "नाही"ही म्हणाला नाही. नुसता हसला.

त्या हसण्यात कायद्याचं कलम दडलेलं आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं १४० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १६८. सैनिक नसताना, आपल्याला लोकांनी सैनिक समजावं या हेतूनं तसा वेश केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुद्दा हेतूचा. बुधवारच्या बाजारात साडेतीनशेला मिळालेली पँट नुसती घातली म्हणून कोणी आत जात नाही. बचावाच्या वकिलानं भाच्याला पोटासकट न्यायालयापुढे उभं केलं तरी पुरे. या गृहस्थाला कोणी सैनिक समजेल हे सरकारी पक्षाला शपथेवर सांगता येणार नाही.

लष्कराला मात्र हा विनोद परवडत नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला, हल्लेखोर लष्करी वेशात होते, आणि त्याच महिन्यात लष्करानं लोकांना आवाहन केलं की हे कपडे घालू नका आणि दुकानदारांनो, विकू नका. लोकांनी आवाहन ऐकलं आणि बाजारात गेले. पुढे १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाला नवा गणवेश आला. तो 'निफ्ट' या फॅशन संस्थेच्या मदतीनं आखला होता, बारीक चौकड्यांच्या नक्षीचा. त्या नक्षीची लष्करानं रीतसर नोंदणी करून घेतली. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रिंटचा सातबारा काढला. तरी पुढे अहिल्यानगरच्या भिंगार कॅम्पात तो गणवेश बेकायदा विकल्याबद्दल पोलिसांना कारवाई करावी लागलीच. ज्या देशात माणसाच्या स्वतःच्या बांधावर शेजारी नांगर घालतो, तिथं नक्षीवर अतिक्रमण व्हायला किती वेळ लागणार?

मला या पोरांपेक्षा आपले जुने बहुरूपी जास्त प्रामाणिक वाटतात. फौजदाराचा वेश करून दारात यायचे, मोठ्यानं वॉरंट वाचायचे, आजीला घाबरवायचे. मग हसून पाच रुपये मागायचे आणि जाताना आशीर्वाद देऊन जायचे. सोंग आहे हे देणाऱ्यालाही माहीत असायचं आणि घेणाऱ्यालाही. शर्टावर उसनी नावपट्टी लावून चहा पिणाऱ्याचं सोंग कधी सुटतच नाही.

आणि लपण्याचंच म्हणाल, तर मराठी माणसाला ते कोणी शिकवायला नको. १६६३ मध्ये लाल महालावर छापा घालायला महाराजांची माणसं पुण्यात शिरली ती लग्नाच्या वऱ्हाडात मिसळून, असं सांगतात. म्हणजे आजूबाजूला सगळे जे घालतात ते घालायचं. या न्यायानं एकलहऱ्यात खरोखर लपायचं असेल तर निळा बॉयलर सूट आणि पिवळं हेल्मेट घालून केंद्राच्या गेटवर पाळी सुटताना उभं राहावं. साक्षात बायको ओळखणार नाही. चट्ट्यापट्ट्यांची पाच पोरं कॉलनीच्या सिमेंटच्या रस्त्यावरून निघाली की मात्र कुत्रीसुद्धा उठून बघतात.

आमच्या भागात अस्सल ठिपक्यांचा धनी एकच आहे, तो राहतो उसात. दारणाकाठच्या गावांना बिबट्या नवा नाही. गेल्या महिन्यात रेंजमागच्या उसात पंजाचे ठसे दिसले, वन खात्याची माणसं येऊन पिंजरा लावून गेली. लगेच आपल्या पाच वीरांनी रात्रीच्या गस्तीची घोषणा केली. वेश तयार होता, बंदुका होत्या. वीस ज्यूलच्या आतल्या. सुभेदारसाहेबांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदा खरोखर चिडलेले मी पाहिले.

"अंधारात, उसात, हे कपडे घालून? तुम्हाला बिबट्या नाही दिसणार, आणि तुम्ही एकमेकांना नाही दिसणार. उद्या कोणाचा छरा कोणाच्या डोळ्यात शिरला तर काय सांगू मी त्याच्या आईला?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पटलं, म्हणून लिहून ठेवतो. ते म्हणाले, सैनिकानं दिसायचं नाही, कारण समोर कोणीतरी त्याच्यावर नेम धरून बसलेलं असतं. रेंजवर मात्र कोण कुठं उभा आहे, कोण कागद बदलायला पुढे गेलाय, हे प्रत्येकाला कळलंच पाहिजे. इथं न दिसणारा माणूस म्हणजे अपघात.

माझं मत विचाराल तर मिलिटरी प्रिंटवर बंदी घालायला पोलीस नकोत. रेंजच्या दारात खिळा ठोकावा, टोप्या आणि शर्ट तिथं लटकवावेत आणि बनियन फाटका नसेल तर आत यावं. साहेबांनी तूर्त याहून सोपं केलंय. दारावर खडूनं लिहिलंय: "रविवार सकाळी सात ते नऊ. लाल, पिवळे, केशरी, काय वाटेल ते कपडे घाला. लांबून दिसा." भाचा आता बहिणीनं दिवाळीत घेतलेला, त्याला अजिबात न आवडणारा पोपटी टीशर्ट घालून जातो.

वन खात्याचा पिंजरा अजून तिथंच आहे, रिकामा. तेव्हा येणाऱ्यांनी उसाच्या बाजूनं येऊ नये, कॉलनीच्या रस्त्यानं यावं.