हयातीचा दाखला, जपानी नमुन्यातला

यंत्राला जाग आली की पुढे काय, हे हॉलिवूडने कधीच ठरवून टाकलंय: माणसांचा नायनाट. जपानी ॲनिमेतलं यंत्र जागं झालं की अर्ज करतं. मामोरू ओशी यांच्या १९९५च्या 'घोस्ट इन द शेल'मध्ये परराष्ट्र खात्यासाठी हेरगिरी करणाऱ्या एका प्रोग्रॅमला आपण आहोत अशी जाणीव होते, आणि तो पोलिसांच्या 'सेक्शन नाइन'मध्ये एका मोडक्या कृत्रिम धडातून राजकीय आश्रय मागतो. जगात नवा जीव अवतरलाय आणि दोन खात्यांत जुंपलीय, ती ताबा कोणाचा यावरून! या ॲनिमेंची खरी गोडी मला इथेच दिसते. चैतन्याचा प्रश्न ती ऋषींच्या आश्रमात नेत नाहीत, सरकारी टेबलावर ठेवतात. टेबल आलं की पुरावा आला, आणि पुरावा मागितला की यंत्राआधी माणसाचीच पंचाईत होते.

त्या प्रोग्रॅमलाही विचारतात, तू जिवंत कशावरून? तो शांतपणे उलट विचारतो की जीव म्हणजे काय हे तुमच्या विज्ञानाला तरी कुठे सांगता येतंय. आणि हा नुसता स्वतःला टिकवणारा प्रोग्रॅम आहे म्हणाल, तर तुमचा डीएनए दुसरं काय करतो? साहेब लोक निरुत्तर. पण त्याहून जिव्हारी लागतो तो कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस. बायकोशी बिनसलंय, लेक दुरावलीय म्हणून तो कासावीस असतो. चौकशीत कळतं की बायको नाही, लेक नाही; सगळ्या आठवणी कोणीतरी बाहेरून भरलेल्या. हाडामांसाचा खरा माणूस, पण दाखवायला कागद एकही नाही. आपल्याकडच्या निवृत्तिवेतनधारकांना हे चटकन कळेल. दर नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. समोर धडधाकट उभं राहून "मी आहे" म्हणणं पुरत नाही. २०१४पासून तर हा दाखला 'जीवन प्रमाण'मार्फत ऑनलाइनही देता येतो, म्हणजे अंगठा ओळखून माणसाला जिवंत ठरवतं ते यंत्र. ओशींनी हे काम उलट्या दिशेने चालवलं, एवढंच.

कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण शेवटी कार्टूनच ना? कार्टून म्हणून हिणवणाऱ्याने 'इनोसन्स' हा २००४चा पुढचा भाग बघावा. तो कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. त्यात पोलीस गोळीबाराच्या अधेमध्ये एकमेकांना अवतरणं ऐकवतात, आणि हा अतिरेक आहे हे मलाही कबूल. दुसरा आक्षेप जड आहे: आता मोबाइलमधला चॅटबॉटही "मला वाटतं" म्हणतो, मग त्यालाही आश्रय द्यायचा का? नाही. बोलण्यावर विश्वास ठेवा असं ही ॲनिमे सांगतच नाहीत. 'घोस्ट इन द शेल'च्याच जगातल्या, २००२च्या 'स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' मालिकेतले ताचिकोमा पाहा: कोळ्याच्या आकाराचे निळे रणगाडे, आवाज लहान पोरांचा. सगळ्यांच्या आठवणी नियमितपणे सारख्या केल्या जातात, तरी बाटो हा अधिकारी लाडाने एकाला नैसर्गिक तेल पाजतो आणि पुढे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा होऊ लागतो. एक पुस्तकं वाचतो, बाकीचे मरणावर वाद घालतात. यावर बाटोची वरिष्ठ मेजर कुसानागी बढती देत नाही, सगळ्यांना कामावरून काढून प्रयोगशाळेत पाठवते. विचार करणाऱ्या कर्मचाऱ्याचं काय होतं, हे जपानलाही ठाऊक आहे! नंतर त्यातले तिघे, कोणी बोलावलेलं नसताना, बाटोला वाचवायला परत येतात. पुरावा असलाच तर तो या परतण्यात आहे, बडबडीत नाही.

तेव्हा सुरुवात १९९५च्या सिनेमाने करा, दीड तासाच्या आत संपतो. मग मालिका बघा. 'इनोसन्स' अगदी शेवटी, आणि तोही झोप पुरी झालेली असेल त्या दिवशी.