आहेरात 'स्वामी'

जालन्यात कुणाचंही लग्न असो, पाकिटांच्या ढिगात एक जाडजूड पुस्तक असतंच. स्टेजवर फोटोवाला ओरडतो, 'काका, इकडं बघा!' काका बघतात, पण मुखपृष्ठ कॅमेऱ्याकडं नीट वळवून झाल्यावर. पुस्तक ठरलेलं. रणजित देसाईंची 'स्वामी'.

असे स्वामीकाका गावोगाव असतात. आमचे मोंढ्यात बियाण्यांच्या दुकानात बसतात आणि कापसाचं बी घ्यायला आलेल्याला कादंबरीतल्या माधवराव पेशव्यांची आणि रमाबाईंची गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत. कादंबरी १९६२ची, पण काकांना खरी बाधा झाली ती दूरदर्शनच्या मालिकेनं. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव पडद्यावर दिसले आणि घरातलं 'अगं' बंद झालं. 'आपण चहा घेणार का?' काकांनी विचारलं. पाहुणे आले की काय म्हणून काकूंनी मागं वळून पाहिलं. मग म्हणाल्या, 'रोज चहा मीच करते, अन् मलाच काय विचारू राह्यले?'

१७६३ साली राक्षसभुवनला अठरा वर्षांच्या माधवरावांनी निजामाला लोळवलं, ते गंगेपल्याड, बीड जिल्ह्यात. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) 'असू द्या पल्याड, धुरळा तर इकडंच आला असंल,' हा माधवराव आपलेच असल्याचा काकांचा पुरावा. पंचाईत वेगळीच आहे. लग्नाच्या बाबतीत जालना जिल्ह्याचं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे जांबचे समर्थ रामदास, आणि ते तर 'सावधान' ऐकताच मांडवातून पळाले म्हणतात. त्याची भरपाई काकांनी अंगावर घेतली आहे. बांधावरून भांडणाऱ्या चुलत्याची ओळखही ते माधवरावांच्या चुलत्याच्या नावानं, 'आमचे राघोबादादा' अशी करून देतात. चुलत्याला तो मान वाटतो.

एकदा नवरीच्या आत्यानं हटकलं. 'अहो, ह्यात नवरा सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं जातो, बायको थेऊरला सती जाते. हे काय आहेरात द्यायचं?' तेव्हापासून काका शेवटच्या पानांना स्टेपलर मारून देतात.

काकूंनी मात्र शेवटापर्यंत वाचलंय. 'माधवराव सदा मोहिमेवर. आज निजाम, उद्या हैदर. रमाबाईला वाट बघायला सवड तरी होती! हे दुपारी एकला घरी, रात्री आठला घरी. मी वाट बघू कधी?'

गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काका दुकान पोरावर टाकून पोळ्या लाटायला बसले. नकाशे झाले, करपले, पण महिनाभर लाटल्या. काकूंनी पलंगावरून विचारलं, 'माधवरावांनी कधी लाटल्या होत्या का?' काका म्हणाले, 'कादंबरीत तसा उल्लेख नाही.'

तेव्हा जालन्यात तुमच्या घरी कार्य निघालं, तर एक 'स्वामी' येणार हे धरून चाला. घरात आधीच असेल, तर जवळच्या वाचनालयाला देऊन टाका. फक्त देण्याआधी पिना काढा.