विषय : मोहफुले न वेचणेबाबत

सरकारी मराठीवर माझा फार जीव. 'उपरोक्त' आणि 'सदर' हे दोन शब्द मिळाले की मी लग्नपत्रिकासुद्धा परिपत्रकासारखी लिहून देतो. असल्या माणसाच्या पदरात आठवीच्या मुलांना पटवून देणारं पत्र शिकवायचं काम पडलं.

शाळा ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलपट्ट्यातली, महिना मार्चचा, मोह गळायला लागलेला. मोह रात्रीतून गळतो, म्हणून बाया पहाटेच टोपली घेऊन निघतात. वाकून वेचणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. म्हणून वनखातं दरवर्षी सांगतं : उजाडल्यावर जा, घोळक्यानं जा. मला विषय आयताच मिळाला : आजीला पत्र लिहा.

नमुना मीच फळ्यावर लिहिला. 'प्रति, मा. आजी. विषय : पहाटे एकट्याने मोहफुले न वेचणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की...' खाली 'आपला विश्वासू, नातू.' मुलांनी तो इमानेइतबारे उतरवला आणि घरोघरी वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी फाटकाशी आज्यांचा मोर्चा. पुढच्या आजीच्या मुठीत कागदाची सुरळी.

"का गा मास्तर, मोह तुया बापाचा हाय का? मोहावर ग्रामसभेचा हक्क हाय. तू कोन बंद करनारा?"

कायदा आजीच्याच बाजूनं होता. २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरचा हक्क या लोकांना दिलेला आहे. मी समजूत घालायला गेलो, "तसं नाही आजी, सदर पत्राचा आशय..." 'सदर' ऐकताच मागची रांगही पुढे आली. मुख्याध्यापकांना त्याच क्षणी पोषण आहाराचा तांदूळ मोजायची आठवण झाली.

सोडवलं ते आठवीतल्या एका पोरीनं. "आजी, तुले कोनी बंद नाही केलं. तू वाकली का वाघाले बकरीवानी दिसते. उजाडल्यावर जाय."

"अन् तवरी ढोरं मोह खातीन त्याचं काय?"

"चौघीजनी मिळून जा. एकीनं ढोरं हाकलाची, तिघींनी वेचाचं."

आजी थबकली. "हे असं सांगाचं ना मंग! नोटीस कायले धाडली?"

माझ्या पत्रात वाघ होता, सुरक्षितता होती, 'दक्षता घ्यावी' हे तर दोनदा होतं. ढोरांचं नाव नव्हतं. आजीची सगळी हरकत तर ढोरांपाशीच होती.

गेलेली पत सावरायला मी वर्गात मेंढा (लेखा) काढलं. हे गाव वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात. गावात त्यांची घोषणा : 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' सरकारदरबारी मात्र त्यांनी घोषणा नाही, कायदा पुढे केला. २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. बांबू हे कायद्यानंच गौण वनोपज आहे, हे धरून बसले आणि एप्रिल २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. मागणी एकच, गावाशी बोलायची रीत वेगळी, साहेबाशी वेगळी.

मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे सर, गावाले घोषना अन् सरकारले कलम. तुमी आजीले कलम लावलं."

विषय बदलावा म्हणून मी सरावाला माझाच बदलीचा अर्ज दिला. त्यात माझा गुडघा होता, म्हातारी आई होती, चंद्रपूरचं ऊन होतं, बावीस ओळींचा गहिवर होता. पोरीनं तो वाचला आणि विचारलं, "सर, तुमाले बदली पायजे का कीव?"

"बदली."

"मंग तुमच्या जागी कोन येनार, हे लिवलंच नाही. साहेबाची ढोरं तेच तर हाय!"

मुलांनी गुडघा कापला, ऊन कापलं, आईला एक ओळ ठेवली आणि शेजारच्या शाळेतल्या जादा शिक्षकाचा उपाय जोडून अर्ज पाच ओळींत बसवला. तो इतका पटण्यासारखा झालाय की मी अजून पाठवलेला नाही. न जाणो, मंजूर व्हायचा.