सतरा झाल्या, तीन राहिल्या

जीएनएम नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला स्वतःचं नाव उरत नाही. पेशंट तिला सिस्टर म्हणतात, इनचार्ज सिस्टर ‘ए स्टुडंट’ म्हणतात, पहिल्या वर्षाच्या मुली भिंतीला चिकटून ‘गुड मॉर्निंग मॅम’ म्हणतात आणि गावाकडची आत्या ‘आमची डॉक्टरीण’ अशी ओळख करून देऊन लगेच गुडघे पुढे करते.

मध्यरात्री तीन महिन्यांच्या बाळाची व्हेन चाचपून बारीक, पिवळी कॅन्युला एका टोच्यात बसवणारी ही मुलगी दुसऱ्या दिवशी केसबुक छातीशी धरून ट्यूटर मॅडमच्या दाराशी थरथरत उभी असते. सही हवी असते. पेशंट बरा होऊन घरी गेला, पेढे वाटून झाले, तरी त्या पानावर सही नसेल तर तो पेशंट झालाच नाही. मॅडम मीटिंगमध्ये असतात, मीटिंग संपली की जेवायला, जेवण झालं की राउंडला. शेवटी सापडल्या की म्हणतात, ‘मार्जिन वाकडी आहे, पुन्हा लिहून आण.’

त्यातही खरा जीव अडकलेला असतो डिलिव्हरीच्या पानात; तिथं स्वतः केलेल्या डिलिव्हरींचा ठरलेला आकडा भरायचा असतो. आत बाईला कळा येत असतात आणि लेबर रूमच्या दाराशी तिघी जणी ‘ही माझी’ म्हणून हलक्या आवाजात भांडत असतात. सुट्टीला घरी जाताना एसटीतही फोनवर तेच. ‘माझ्या सतरा झाल्या गं, तीन राहिल्या. या महिन्यात उरकून टाकते. तुझ्या?’ शेजारच्या आजी आधी तिच्या पोटाकडे, मग मोकळ्या गळ्याकडे बघतात आणि खिडकीकडे सरकतात.

घरी पोचली तरी ड्युटी सुटत नाही. झोपण्यापूर्वी आईला हँडओव्हर देते: ‘आजीनं आठला अर्धी भाकरी घेतली, लघवी एकदा, सध्या शांत.’ आजी तिथंच बसून जपमाळ ओढत असते.

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. तेव्हापासून हिनंही नाइट ड्युटीत चार्टच्या आड ‘डेअर, डी, डास’ पुटपुटायला सुरुवात केली आहे. वडिलांना वेगळीच काळजी, ‘तिकडचे पेशंट कण्हतात तरी कोणत्या भाषेत?’

निकालाआधी स्थळं मात्र वेळेवर येतात. नर्स सून म्हणजे इंजेक्शनला बाहेर जायला नको, असा रोकडा हिशेब. पोह्यांची बशी देऊन ती मान खाली घालून बसते. पाहुण्यांना वाटतं, लाजली. ती मुलाचा हात मनगटापासून कोपरापर्यंत न्याहाळत असते. मंडळी गेल्यावर आई विचारते, ‘कसा वाटला?’

‘व्हेन झकास आहे गं. जाडी हिरवी कॅन्युलासुद्धा डोळे मिटून जाईल.’