तू नव्हतास ना तिथं!

परवा कारखान्यात लाइट गेली. कच्च्या मूर्तींच्या रांगांमध्ये कुणी बॅटरी चाचपतंय, कुणी रंगाचा डबा लवंडू नये म्हणून जागच्या जागी थिजलंय. दादानं मात्र उजवा हात वर केला आणि मनगटावरच्या पट्ट्याकडे बघत राहिला. पट्टा पेटला नाही. २१ जानेवारी २०२५ च्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमानंतर तो एकदाही पेटलेला नाही. तो पेटायला स्टेजवरून सिग्नल यावा लागतो, आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधलं ते स्टेज उचलून मंडळी त्याच आठवड्यात अहमदाबादला गेली, हे मी त्याला किती वेळा सांगितलंय! त्याचं उत्तर ठरलेलं, "तू नव्हतास ना तिथं!"

मुळात तिथं वाटलेला तो पट्टा निघताना परत द्यायचा असतो. हा घेऊन आला. आता अंघोळीलासुद्धा काढत नाही.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. जोह्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो. सगळं काम झाल्यावर शेवटी ब्रश याच्या हातात. एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. पण कोल्डप्ले बघून आला आणि खारबांधाला खांड पडावी तसा बोलायला लागला. एका मोठ्या कार्यक्रमावर जन्मभर जगणारी ही जात तुमच्याही घरात असेलच. कुणाला वानखेडेचा वर्ल्ड कप झालेला असतो, कुणाला सवाई गंधर्व. आमच्याला लाइव्ह झालाय.

गावात हळद होती. आमच्या पेण-पनवेलकडची हळद काय असते हे निराळं सांगायला नको. डीजेच्या भिंतीसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की आपल्याच बरगड्या मोजता येतात. नवऱ्याच्या आईनं कौतुकानं विचारलं, "आवाज कसा हाय रं?"

"आवाज हाय काकी. पन लाइव्ह नाय."

मृगाचा पहिला गडगडाट झाला, तेव्हा "बेस बरा होता" असं प्रशस्तिपत्रक त्यानं आभाळाला दिलं. एकदा मी त्याला देवळातल्या भजनात पकडला. पखवाज समोर, टाळ समोर, बुवा समोर. म्हटलं, आता बोल, हे तरी लाइव्ह आहे की नाही? त्यानं सभामंडपावर नजर फिरवली आणि विचारलं, "पन पन्नास हजार मान्सं हायत का?"

हुकलेल्या कार्यक्रमांच्या तारखा त्याला घरातल्या श्राद्धाच्या तिथींसारख्या पाठ आहेत. मायकल जॅक्सन, अंधेरी, १ नोव्हेंबर १९९६. आयर्न मेडन, वांद्रे-कुर्ला संकुल, फेब्रुवारी २००८. कोल्डप्लेच पहिल्यांदा त्याच संकुलात, नोव्हेंबर २०१६. यू-टू, हेच नेरूळचं स्टेडियम, १५ डिसेंबर २०१९. दर वेळी खिसा आडवा आला. सीझनचे पैसे यायचे ते उधाऱ्या फेडण्यातच जायचे.

आणि तो पिवळा! 'यलो' सुरू झालं आणि सगळ्यांचे पट्टे एकदम पिवळे झाले म्हणे. तेव्हापासून दादाला पितांबराचा रंग पसंत पडेना. लेमन घातला, क्रोम घातला, नारिंगीचे दोन थेंब टाकले, पुसून पुन्हा केला. वास्तविक हे रंगवाल्यांचं काम, याचं नव्हेच. एक नेहमीचं गिऱ्हाईक म्हणालं, अहो, मागच्या वर्षी तर जांभळं सोवळं होतं, या वर्षी सगळेच पिवळे कसे? दादा त्यांच्याकडे कनवाळूपणे बघत राहिला. तेही नव्हते ना तिथं.

आता तिकिटाचं सांगतो, कारण त्यात मीही अडकलोय. सप्टेंबर २०२४ मध्ये तिकिटं निघाली तेव्हा फोनवरच्या रांगेत याचा नंबर लाखांत. अर्ध्या रायगड जिल्ह्याला पुढे सोडून आपण उभे आहोत असं वाटत होतं. मिळालं काही नाही. मग नोव्हेंबरात त्या बँडनं दोन-दोन हजारांची काही तिकिटं काढली. अट अशी की जोडीनंच घ्यायची, आणि जागा कुठली ते त्याच दिवशी खिडकीवर कळणार. याला लागली. मला म्हणाला, चल. मी म्हटलं, मंगळवार, त्यात माघी अकरा दिवसांवर, इथं ऑर्डरी कोण बघणार? तू जा. मी यूट्यूबवर बघेन.

तो हमरापूर स्टेशनवरून एकटा गेला.

मला वाटलं होतं, दुसरं तिकीट विकून यानं दोघांचे पैसे काढले असतील. फाटकाबाहेर लोक कितीही द्यायला तयार होते. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या बायकोनं सांगितलं. यानं ते विकलंच नाही. शेजारच्या खुर्चीवर एसटीत टाकतात तसा रुमाल टाकून ठेवला. मागची गाडी पकडून मी येईन, असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं.

तेव्हापासून ते "तू नव्हतास ना तिथं" माझ्या कानाला वेगळं लागतं. बोलायची सोय नाही.

दुसरंही एक हल्लीच लक्षात आलं. दादानं आजवर हजारो डोळे लिहिले असतील. चतुर्थीच्या आधी टेम्पो भरून मूर्ती निघतात, मुंबईला, पुण्याला, काही पार परदेशात. त्यांची आरती त्यानं कधी पाहिलेली नाही. चतुर्थीच्या रात्री गिऱ्हाइकं फोटो पाठवतात. हा पडवीत बसून फोनवर दोन बोटांनी फोटो मोठा करतो, डोळ्यांपर्यंत, आणि बघत राहतो. मागे टाळ्या, झांजा, घामेजलेली माणसं सगळी कडेला कापली जातात. लाइव्ह नाय, असं तो तेव्हा म्हणत नाही.

तुमच्या घरी किंवा मंडळात जोह्याचा गणपती बसत असेल तर या चतुर्थीला त्याला आरतीला बोलवा. मी घेऊन येईन, कारखान्याला कुलूप लावून. मध्येच लाइट गेली आणि त्यानं हात वर केला, तर तेवढं हसू नका.